रताळ्याचा रोजा

रमजान जवळ आला की मोहल्ल्यातल्या मुली माझ्याकडे येऊन बसतात. मी त्यांना कुराण वाचायला शिकवते, त्यामुळे रोज्याचा अर्थ काय आणि फायदे काय हेही मीच सांगावं असा रिवाज पडून गेला आहे. मी सांगते. पोटाला विसावा मिळतो, भुकेल्याची भूक कळते, जिभेला लगाम बसतो, आणि घरात कोणी बघत नसतानाही जो माठाकडे जात नाही त्याचं मन हळूहळू खरं होत जातं. हे सगळं मी मानते आणि चांगलं सांगते, त्यात मला खोटा विनय नाही. पण जिभेच्या लगामावर आले की माझा आवाज चढतो, कारण नसताना मी एखादीवर खेकसते आणि मुली एकमेकींकडे बघायला लागतात. त्यांना वाटतं बाईंना भूक सहन होत नाही. भुकेचं मला आता काही वाटत नाही.

साल नक्की सांगता येणार नाही. तीस सालानंतरची ती वर्षं, रमजान ऐन थंडीत यायचा तेव्हाची. आमचं घर जुन्या नाशकात, पिंजाऱ्याचं. थंडी हाच आमचा हंगाम. अब्बा आणि माझा थोरला भाऊ सकाळी खांद्यावर पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं धनुकलं, टाकून निघायचे, आणि तिच्या ताणलेल्या तातीचा टंय टंय आवाज गल्लीत आला की बायका जुन्या गाद्या, लेप उसवून कापसाचे ढीग त्यांच्यापुढे टाकायच्या. दिवसभर तो कापूस पिंजायचा म्हणजे त्याचे तंतू नाकातोंडात जाणारच. फडकं बांधलं तरी जायचे. त्यानं रोजा तुटतो की काय याची अब्बांना मोठी टोचणी होती, म्हणून त्यांनी एकदा मशिदीतल्या मौलवीसाहेबांना विचारलं. कष्टकऱ्याच्या घशात त्यानं न मागता काही गेलं तर त्याचा दोष त्याच्यावर नाही, असं ते म्हणाले. अब्बा त्या दिवशी घरी आले ते जिलबी घेऊन.

घरी आम्हा बायकांकडे सरकी वेचायचं आणि भरलेल्या गादीला टाके घालायचं काम. रमजानात अम्मा सुईदोऱ्याशेजारी पाण्याची वाटी ठेवायची. दोरा सुईत ओवताना जिभेला लावून ओला करायची प्रत्येकीला खोड असते, आणि रोज्यात ती नको, म्हणून दोरा वाटीत बुडवायचा. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. पूर्ण महिन्याचे रोजे धरायचं माझं ते पहिलंच वर्ष आणि त्याचा मला भारी ताठा होता. कोण वाटीत दोरा बुडवतं आणि कोण नाही, यावर माझा डोळा असायचा.

त्याच वर्षी भावाचं लग्न होऊन भाभी घरात आली होती. पेठ गावाच्या बाजूला डोंगरात एक पाडा, तिथलं तिचं हे एकच मुसलमान घर. तिचे वडील आठवड्याच्या बाजारांतून बांगड्या विकायचे. गावात मशीद नाही, मौलवी नाही, शेजारी कोणी आपलं नाही. चंद्र दिसला की यांनी आपला रमजान सुरू करायचा आणि चंद्र दिसला की ईद करायची. नमाज तिला अर्धीमुर्धी येत होती, तीही आईकडून ऐकून पाठ झालेली. आई दोन वर्षांपूर्वी वारली होती. भाभी सतरा-अठरा वर्षांची असेल, रंगानं सावळी, हाडापेरानं मजबूत, आणि तिला हसायला कारण लागत नसे. ती 'हाय', 'नाय', 'लय' असं बोलायची आणि मी तिची नक्कल करायचे. ती त्यालाही हसायची, त्यामुळे मला फारच राग यायचा.

रमजान सुरू झाला आणि माझी खरी फजिती झाली. दुपार कलली की माझं तोंड कोरडं पडायचं, डोकं ठणकायचं, मी कुणाशी सरळ बोलायचे नाही. भाभी मात्र पाण्याच्या खेपा घालायची, अंगण झाडायची, कापसाच्या खोलीत बसून दोन गाद्यांची सरकी वेचून टाकायची आणि संध्याकाळी तशीच टवटवीत. अम्मा मला ऐकू जाईल असं म्हणायची, "बघ जरा. डोंगरातली पोर, पण तोंड वाकडं करत नाही. आणि आमची ही, जशी काही सगळ्या गावाचा रोजा हिनंच धरलाय." हे अम्मानं म्हणायला नको होतं. मला भाभीचा मनापासून द्वेष वाटायला लागला, आणि द्वेष हा शब्द मी विचार करून लिहीत आहे.

एके दुपारी माझा कुराणाचा सबक लवकर संपला. अम्मा आत पडली होती, पुरुष कामावर. कापसाच्या खोलीत भाभी सरकी वेचत असेल म्हणून मी डोकावले. ती पाठमोरी बसली होती. पुढ्यात फडक्यावर एक उकडलेलं रताळं होतं, त्याची साल ती निवांत सोलत होती. मला बघून ती दचकली नाही, लपवलंही नाही. उलट अर्धं मोडून माझ्यापुढे धरलं.

"घे की. किती सुकून गेलीस. रोज बघते मी, तू कायबी खात नाय."

मी म्हटलं, "तुझा रोजा आहे ना?"

"हाय की. म्हणून तर रताळं. धान्य कुठं शिवलंय?" मग जरा वेळानं, खरोखरच्या कुतूहलानं तिनं विचारलं, "तुमच्यात रताळं चालत नाय का?"

तेव्हा काय झालं होतं ते मला आज स्पष्ट दिसतं. तिच्या पाड्यावर एकादशी होती, शिवरात्र होती, उपासाला कंद आणि रताळी होती. रोज्यालाही तिकडे उपासच म्हणायचे. तिच्या आईला लहानपणी कुणीतरी रोजा धरायला सांगितलं असेल, कसा धरायचा ते कुणी सांगितलं नसेल, आणि बिचारीनं शेजारणींचं बघून आपलं ठरवलं असेल: धान्य नाही, मीठ नाही, दुपारी एखादं रताळं आणि घोटभर पाणी, तेही पुरुषांसमोर नाही, आड बसून. भाभीनं सासरी येताना पिशवीभर रताळी आणली होती ती याच महिन्यासाठी. आम्ही काहीच खात नाही हे तिनं पाहिलं होतं, पण तिला वाटलं शहरातली माणसं हौसेनं जास्त कडक धरतात.

हे मी तिथंच तिला सांगू शकले असते. दोन वाक्यांचं काम होतं. तिनं डोळे मोठे केले असते, रताळं ठेवून दिलं असतं, आणि आम्ही दोघी मिळून अम्माला काय सांगायचं ते ठरवलं असतं. मी तसं केलं नाही. मी काही न बोलता बाहेर आले आणि संध्याकाळची वाट बघत बसले. त्या दिवशी मला भूकही लागली नाही आणि तहानही लागली नाही, इतकी मी खुशीत होते.

त्या संध्याकाळी अम्मानं शेजारच्या दोघीजणींना रोजा सोडायला बोलावलं होतं. पडद्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे अब्बा आणि भाऊ. अजानला थोडा वेळ होता. अम्मा प्रत्येकीच्या हातावर खजूर ठेवत भाभीपाशी आली तेव्हा मी पडद्यापलीकडे जाईल अशा आवाजात म्हणाले, "तिला खजूर कशाला? ती दुपारीच रताळं खाऊन बसलीय. रोज खाते."

भाभी हसली. "एकच खाल्लं," ती म्हणाली. "अर्धं हिला देत व्हते, हिनं घेतलं नाय."

शेजारणींपैकी एकीनं तोंडाला पदर लावला. भाभीचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळे एकेकीच्या तोंडावरून फिरायला लागले. तेवढ्यात अजान झाली. आमच्या घरात अजान होऊन गेली आणि खजूर हातातच राहिले असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. पलीकडून भावाचा आवाज आला, "अम्मा, ईद झाली की हिला पेठेला पोचवून येतो. जन्मभर लोक मला हसणार." अब्बांनी त्याला गप्प केलं, पण आता शेजारणींनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं आमच्या दारावरून जाताना 'रताळं घ्या रताळं' ओरडायला लागली.

अम्मानं भाभीला आत नेऊन सगळं समजावून सांगितलं. पहाटेपासून सूर्य बुडेपर्यंत काही नाही, घोटसुद्धा नाही. भाभी रडली नाही. ती विचार करत होती, आणि मी उंबऱ्यात उभी राहून तिची फजिती बघत होते. शेवटी तिनं विचारलं ते मला अजिबात अपेक्षित नव्हतं.

"म्हणजे माझ्या आईचे रोजे?"

अम्मा तिच्याजवळ सरकून बसली.

"ती रोज्यातच गेली," भाभी म्हणाली. "मरायच्या दिवशी दुपारी तिनं अर्धं रताळं खाल्लं आन् अर्धं मला ठेवलं. रोज्यात गेली म्हणजे नशीबवान, असं समदे म्हणाले. जल्मात तिनं एक रोजा सोडला नाय. मंग ते रोजे झालेच नाय का? एकबी नाय?"

माझी खुशी तिथंच संपली. पण आता त्याचा काय उपयोग होता?

दुसऱ्या दिवसापासून भाभी नीट रोजा धरायला लागली. पण संध्याकाळी अजान झाली की ती घोटभर पाणी प्यायची आणि उठायची. जेवायची नाही. पहाटे सहरीच्या जेवणालाही तसंच. अम्मानं शपथा घातल्या, शेजारच्या म्हातारीनं येऊन सांगितलं की असं उपाशी राहणं गुनाह आहे. भाभीचं म्हणणं एकच, आईचं काय ते कळू द्या, मग जेवते. भाऊ तिच्याशी बोलत नव्हता. मी बोलायचा प्रयत्न केला तर ती माझ्याकडे बघायची आणि सरकी वेचायला लागायची. तिसऱ्या दिवशी दुपारी गादीला टाके घालता घालता ती कलंडली. आम्ही तिला उचलून बाजेवर घातली तेव्हा मला जाणवलं की तीन दिवसांत ती किती हलकी झाली होती. मी मनात म्हणत होते, ही मेली तर मी मारली.

अब्बा कामावरून आले आणि पिंजण ठेवून तसेच मौलवीसाहेबांकडे निघाले. मलाही म्हणाले, चल. का नेलं ते त्यांनी सांगितलं नाही. कदाचित मी केलेलं मलाच ऐकवायचं असेल.

मौलवीसाहेब म्हातारे होते, प्रामाणिक होते, आणि लोकांना बरं वाटावं म्हणून काही बोलणाऱ्यांपैकी नव्हते. अब्बांनी सगळं सांगितलं. मी दाराशी बसून ऐकत होते.

"मुलीचं सोपं आहे," ते म्हणाले. "तिला माहीत नव्हतं. आता कळलं. या महिन्यातले राहिलेले ईदनंतर धरू दे, मागच्याची माफी मागू दे. अल्लाह माफ करणारा आहे."

"आणि तिची आई?"

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "गेलेल्या बाईचा मामला अल्लाहजवळ. तो दयाळू आहे. पण दुपारी खाल्लं त्याला रोजा म्हणा, असं मला सांगू नका. ते माझ्या तोंडून येणार नाही."

अब्बांचा आवाज कधी चढत नसे. तेव्हा चढला. "माझ्या घशात दिवसभर कापूस जातो तो चालतो. त्या बाईला सांगणारं कुणी नव्हतं, ते चालत नाही?"

"कापूस तुम्ही खात नाही," मौलवीसाहेब म्हणाले. त्यांनाही ते बोलताना बरं वाटत नव्हतं, हे मला दिसत होतं. दारापर्यंत पोचवायला ते आले आणि म्हणाले, मुलीला सांगा मी तिच्या आईसाठी दुआ करीन.

घराकडे येताना अब्बा माझ्यापुढे भराभर चालत होते. सूर्य मावळायला आला होता. आमचे अब्बा खोट्याचे इतके वैरी होते की गिऱ्हाईक 'उद्या नक्की ना?' म्हणालं तर 'बघू' म्हणायचे. रमजानात तर जास्तच. रोज्यात खोटं बोलणाऱ्यानं उगाच उपाशी राहायची तसदी घेऊ नये, असं आम्हा भावंडांना त्यांनी हज्जारदा ऐकवलं होतं.

भाभी बाजेवर उठून बसली होती. अब्बांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. दारातूनच म्हणाले, "पोरी, विचारून आलो. तुझ्या आईचे सगळे रोजे कबूल झाले. मौलवीसाहेबांनीच सांगितलं."

अम्मानं हात वर करून अल्लाहचा शुक्र मानला. भाऊ भिंतीला टेकून उभा होता, त्यानं पहिल्यांदा बायकोकडे पाहिलं. भाभी मात्र अब्बांकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"तू व्हतीस ना तिथं?" ती म्हणाली. "तू सांग. तू खरं ते बोलतेस."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. मी फटकळ, मी चहाडखोर, पण मी खोटं सांगणार नाही, एवढा तिचा माझ्यावर भरवसा होता. मी अब्बांकडे पाहिलं. त्यांची मान खाली होती. मला वाटलं, ते मला खूण तरी करतील. त्यांनी केली नाही. मी तेरा वर्षांची, माझा रोजा होता, अजानला घटकाभर अवकाश होता, आणि तोपर्यंत माझा असा पक्का समज होता की खरं बोलणं हेच सगळ्यात मोठं पुण्य.

"हो," मी म्हणाले. "तसंच म्हणाले."

अजान झाली तेव्हा भाभीनं खजूर खाल्ला, पाणी प्यायली, आणि मग भाकरी कालवणात कुस्करून पोटभर जेवली. भावानं स्वतः उठून तिला पाणी दिलं. पेठेला पोचवायची भाषा पुन्हा निघाली नाही, तरी त्याच्या मनातली अढी जायला दोन वर्षं गेली. ईदच्या दुसऱ्या दिवशी घरात सगळे शिरखुर्म्याच्या वाट्या चाटत असताना अब्बांनी रोजा धरला. अम्मानं विचारलं, हा कसला? ते म्हणाले, "माझा एक राहिलाय." मलाही तसाच एक धरायचा होता, पण धाडस झालं नाही. मी धरला असता तर भाभीला दोघांचा मेळ लागला असता, असं मला वाटलं.

त्यानंतर आम्ही दोघी एका शहरात चाळीसच्या वर वर्षं राहिलो. मी लग्न होऊन चार गल्ल्या पलीकडे गेले, तिला सहा मुलं झाली, पैकी चार जगली. आमचं चांगलं जमलं. तिचं बोलणं शहरातलं झालं, फक्त रागावली की 'नाय' म्हणायची. दरवर्षी ईदनंतर ती रोजे धरायची. आम्ही समजायचो, ईदनंतरच्या शव्वाल महिन्यात मर्जीनं धरतात ते सहा. पण ते सहावर थांबत नसत. कधी दहा, कधी पंधरा. घरात म्हणायचे, हिला रोज्याची हौसच आहे.

ती थकली, पाय सुजायला लागले, तेव्हा मी एक दिवस तिच्याकडे जाऊन तिला चांगली झापली. या वयात रमजानचे फर्ज झाले तेवढे पुरेत, हे जादाचे कसले धरतेस? ती माझं सगळं ऐकून घेत होती.

"आईचे आहेत," ती म्हणाली. "दर साली थोडे थोडे."

"पण ते तर कबूल झाले होते," मी म्हणाले.

"तू हो म्हणायला वेळ लावलास. खरं असतं तर तू रस्त्यावरूनच ओरडत आली असतीस."

मी विचारलं, "मग त्या दिवशी जेवलीस कशाला?"

"अब्बा रोज्यात खोटं बोलले माझ्यापायी. मी जेवले नसते तर ते खोटंही फुकट गेलं असतं."

"आणि हे... कुणाला विचारलंस का? असं धरता येतं का म्हणून?"

"नाय विचारलं," ती म्हणाली. "विचारलं असतं तर कुणीतरी खरं सांगितलं असतं."

गेलेल्या माणसाच्या वाटचे रोजे दुसऱ्याला धरता येत नाहीत. आमच्याकडे हेच शिकवतात, मीही मुलींना हेच शिकवते, आणि मला ते पाठ आहे. भाभी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी विचारलं, "किती राहिले?"

"तिच्या दोन रमजानांचे," ती म्हणाली.

पुढल्या पावसाळ्यात ती गेली. ईद झाली की हल्ली मी रोजे धरते, दर साली थोडे थोडे. सून विचारते, अम्मा, हे कसले? मी म्हणते, माझेच राहिलेत, आणि हे मी तिला रोज्यातच सांगते.